आमचं गुपचूप इस्तंबूल

माणूस चोरून लग्न करू शकतो, चोरून घर विकू शकतो, फार काय, डॉक्टरनं बंदी घातल्यावर चोरून सिगारेटही ओढू शकतो. पण आमच्या सल्त गावातून चोरून परदेशी जाऊ शकत नाही. हे मी अनुभवानं सांगतो आहे. भूगोलाचा मास्तर म्हणून तेहतीस वर्षं मी जॉर्डनच्या पोरांना जगाचे रस्ते शिकवले. पण स्वतःच्या गल्लीच्या पायऱ्या उतरून विमानतळ गाठायचा म्हटल्यावर माझी जी शोभा झाली, ती कुठल्याही नकाशात सापडायची नाही.

त्याचं काय आहे, आमच्याकडे कोणी परदेशी निघालं की सगळी गल्ली निरोपाला येते. आधी बायका येतात, मग पुरुष, आणि शेवटी ज्यांच्याशी दोन वर्षं बोलचाल बंद आहे ते, म्हणजे उद्या विमान पडलंच तर मनाला टोचणी नको. प्रत्येकजण उजव्या गालाचा एक आणि डाव्या गालाचे तीन मुके घेतो, कॉफी पितो, तुमच्या प्रवासाला नावं ठेवतो आणि उठताना एक पिशवी पुढे करतो. तिकडे त्याच्या मेव्हण्याचा भाचा असतो आणि त्या भाच्याला आईच्या हातचा ज़ातरचा मसाला खाल्ल्याशिवाय झोप येत नाही. एरवी याची मला हरकत नव्हती. पण ते साल कोरोनाचं होतं. विमानात चढायचं तर आधीच्या बहात्तर तासांतला कोरोना नसल्याचा अहवाल हवा होता, आणि चाळीस माणसांकडून प्रत्येकी चार मुके घेऊन कोणाचा अहवाल चांगला येतो ते मला दाखवा.

आणि जायचं तर होतंच. माझी बायको इन्तिसार, गावाच्या भाषेत उम्म नायेल, म्हणजे नायेलची आई, तसा मी अबू नायेल, दीड वर्ष घरात कोंडल्यागत होती. म्हणजे मीही होतो, पण मी कोंडलेला असताना मला चहा मिळत होता. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकदा बोटीत बसून चहा प्यायचाय. आणि तो पिऊन होईपर्यंत कोणी माझ्याकडे काहीही मागायचं नाही." तेवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना, म्हणून मी दोह्याला मुलाला फोन केला. नायेलनं पाच दिवसांची इस्तंबूलची तिकिटं काढून टाकली. पुढच्या महिन्यात सुनेचं बाळंतपण होतं आणि इन्तिसार तिकडे जायची होती. एकदा आजी झाली की मागणाऱ्यांत आणखी एकाची भर. तेव्हा हे पाच दिवस हुकले तर हुकलेच, हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं.

मग मी योजना आखली. गुरुवारी दुपारचं विमान. त्याआधी दहा दिवस दार बंद. कोणाला सांगायचं नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही आणि मंगळवारी गुपचूप अम्मानला जाऊन तिथल्या प्रयोगशाळेत नाकात काडी घालून यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. योजना मी कागदावर काढली, तिच्याखाली लाल रेघ ओढली आणि कागद गादीखाली ठेवला. इन्तिसार म्हणाली, "आणि कोणी दार वाजवलं तर?" मी म्हणालो, "ते बघू." मोठमोठ्या मोहिमा याच दोन शब्दांवर फसल्या आहेत हे इतिहासाच्या मास्तरला ठाऊक असतं. मी पडलो भूगोलाचा.

दार पहिल्याच दिवशी वाजलं. समोरच्या घरातली उम्म सुलतान द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांची थाळी घेऊन उभी होती. इन्तिसारनं दार न उघडताच आतून सांगितलं, "आत नको येऊस गं, ह्यांना जरा बरं नाही."

जरा बरं नाही! एरवी या तीन शब्दांचा अर्थ फार तर पोट बिघडलंय असा होतो. पण त्या साली ते शब्द तोंडातून निघाले की माणूस अर्धा गेलाच. उम्म सुलतान दारापासून चार पावलं मागे सरकल्याचं मी भोकातून पाहिलं. थाळी तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि जी पळाली ती थेट गल्लीच्या टोकाच्या बेकरीपर्यंत, जिथून बातमी भाकरीबरोबर घरोघरी जाते.

तासाभरात तिचा नवरा अबू सुलतान पायऱ्यांवर हजर. हा गृहस्थ लष्कराच्या बँडमध्ये तीस वर्षं बॅगपाइप, म्हणजे पिशवीचा बाजा, फुंकत होता, त्यामुळे त्याला स्वतःला कमी ऐकू येतं आणि बाकी जगालाही तसंच असेल अशी त्याची समजूत आहे.

"अबू नायेल!" तो खालून ओरडला. "वास येतो का?"

"येतो!" मी खिडकीतून.

"कशाचा?"

"तुझ्या सिगारेटचा!"

"मग आशा आहे!" असं सगळ्या डोंगराला सांगून तो गेला.

त्यानंतर सल्ल्यांची रीघ लागली. कोणी म्हणे पलंगाखाली कांदा कापून ठेवा, कोणी म्हणे सेजचा काढा घ्या, कोणी म्हणे काढा चुकूनही घेऊ नका, त्याच्या काकानं घेतला होता. बेकरीवाल्यानं तव्यावर लिंबू जाळून हुंगायला सांगितलं. आमच्याकडे हल्ली उंट उरले नाहीत, पण उंटावरचे शहाणे मात्र एकही कमी झालेले नाहीत. आणि प्रत्येक सल्ल्याबरोबर एक पातेलं यायचं. मसुरीचं सूप, भातावर कोंबडी, दह्यातलं मटण. मी तब्येतीनं उत्तम असल्यामुळे सगळं खात होतो. त्या दहा दिवसांत माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला.

पण पातेल्यांची एक निराळीच पंचाईत झाली. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही रीत. आणि आजाऱ्याच्या घरचं अन्न कोणी खाणार नाही, ही भीती. म्हणजे भांडं भरून पाठवता येईना आणि रिकामं पाठवता येईना. आठवड्यात अकरा पातेली जमली. ती घासूनपुसून ओळीनं मांडलेली बघून इन्तिसारचं डोकं फिरलं.

"ज्या बाईला कोणी काही मागू नये म्हणून निघायचं होतं," ती म्हणाली, "तिच्या डोक्यावर अकरा घरांची पातेली आणून ठेवलीत तुम्ही."

"मी आणली?"

"मग आजारी कोण आहे, मी?"

मी खोकलो. खोकण्याचीही सक्ती होती. न्हाणीघराची खिडकी जिन्याकडे उघडते, तेव्हा तिथं गेलं की दोनदा खोकून यायचं असा घरात नियम होता. एका सकाळी दाढी करताना मी विसरलो आणि चक्क गाणं म्हटलं. दुपारपर्यंत बातमी पसरली, अबू नायेलचा ताप डोक्यात गेला, बरळायला लागले. तेहतीस वर्षं ज्या आवाजाला वर्ग घाबरून होता त्या आवाजातलं गाणं म्हणजे बरळणं! मी दार उघडून खुलासा करायला निघालो होतो. इन्तिसारनं मागून सदरा ओढला म्हणून राहिलो.

घात केला तो सुटकेसनं. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली ती सुटकेस उघडली तर कुबट वास. इन्तिसारनं ती रविवारी दुपारी गच्चीवर उन्हात ठेवली. आता आमचं गाव डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेलं. एकाची गच्ची म्हणजे वरच्याचं अंगण आणि एकाचं अंगण म्हणजे वरच्याचा तमाशा. उम्म सुलतानला सुटकेस दिसली. सुटकेस म्हणजे इस्पितळ. पेशंट इतका खालावला आणि नवरा-बायको कोणाला कळवत नाहीत, म्हणजे अब्रूला भिऊन घरात मरू घातलेत, असा तिथं तर्क झाला आणि कोणा पुण्यवंतानं आमच्या काळजीपोटी सरकारी साथ-कार्यालयात फोन केला.

सोमवारी संध्याकाळी नखशिखांत पांढऱ्या पोशाखातला एक प्राणी आमच्या पायऱ्या चढू लागला. गल्लीत रडारड सुरू झाली. दार उघडलं तसा तो चष्म्यामागून म्हणाला, "उस्ताद, ओळखलंत का? मी मामून. दहावी ब."

ओळखलं. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक पुरुष माझ्या वर्गातून गेलाय, पण मामून विसरण्यासारखा नव्हता. यानं परीक्षेत काळा समुद्र सुदानमध्ये काढला होता. मी त्याला आख्खा तास बाकावर उभा केला होता. आता तो माझ्या उंबऱ्यावर उभा होता आणि मी लेंग्यावर.

"तुमच्या नावानं खबर आलीय," मामून म्हणाला. "ताप, बरळणं, इस्पितळाची तयारी."

"मामून, मला काही झालेलं नाही."

"सगळे हेच म्हणतात, उस्ताद. जरा खोकून दाखवा."

आठवडाभर मी रोज सहा वेळा खोकत होतो. नेमकी वेळ आली आणि घशातून आवाज फुटेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. तिकिटं दाखवली. गादीखालचा लाल रेघेचा कागदसुद्धा दाखवला. मामूननं तो दोनदा वाचला. हसत होता की काय, मास्कमुळे कळलं नाही. मग त्यानं आम्हा दोघांच्या नाकांत काड्या फिरवल्या आणि गेला. म्हणजे ज्या तपासणीसाठी आम्ही चोरासारखे अम्मानला जाणार होतो ती घरबसल्या झाली. शत्रूच्या हातून काम झालं म्हणून मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

मंगळवारी संध्याकाळी मामूनचा फोन आला. दोघांनाही काही नाही. मी इतक्या जोरात "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणालो की समोरच्या घरातून उम्म सुलतानचा हुंदका ऐकू आला.

"पण उस्ताद," मामून म्हणाला, "तुमचं नाव यादीत आहे."

"मग काढ."

"निघत नाही. खबर देणाऱ्यानं येऊन खबर मागे घेतली, सही केली, तर लगेच निघतं. नाहीतर चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. विमानतळावर हीच यादी असते."

"कोणी दिली खबर?"

"ते गुप्त असतं."

"मामून! मी तुला पास केलं होतं!"

"नाही, उस्ताद," तो फार अदबीनं म्हणाला. "पस्तीसला पास होतं. तुम्ही चौतीस दिले होते."

मी फोन ठेवला. इन्तिसारनं सगळं ऐकलं होतं. सुटकेसमध्ये सगळ्यात वर तिनं एक नवा लाल रुमाल ठेवला होता, बोटीत वारा असतो म्हणून. तो तिनं उचलला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. मग म्हणाली, "राहू द्या. मी काही म्हटलं का?" त्यापेक्षा तिनं अकराच्या अकरा पातेली माझ्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं. मला खरोखर स्वतःची लाज वाटली. लोकांचे मुके चुकवायला निघालो होतो आणि बायकोचा चहा घालवून बसलो.

बुधवारी सकाळी दारावर काठी आपटली. बद्रिया आत्या. वय ब्याऐंशी, आमच्या घराण्यातला शेवटचा शब्द.

"दार उघड, बुर्हान!"

"आत्या, तू जवळ येऊ नकोस."

"ह्या वयात कोरोना मला झाला तर त्याचाच जीव जाईल. उघड!"

उघडलं. तिनं मला खालीवर न्याहाळलं, माझ्या पोटावर काठी टोचली आणि म्हणाली, "मरणाऱ्या माणसाचं पोट असं असतं होय?"

मी कबुलीजबाब दिला. ती बाहेरच पायरीवर बसली आणि ऐकत राहिली. मला वाटलं, आता कडाडणार.

"इस्तंबूल?" ती म्हणाली. "एवढंच? मी तुझ्या मयताच्या जेवणाचे तांदूळ निवडून ठेवले, बोक्या! दोन दिवस डोळे फोडून घेतले!"

"चुकलो, आत्या. निरोपाला सगळे आले असते, मुके घेतले असते..."

"सांगितलं असतंस तर नसते घेतले. लोकांना अक्कल नाही असं तूच ठरवलंस. मास्तर ना!" मग तिनं दाराआड उभ्या असलेल्या इन्तिसारकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हिला न्यायचंच. मामूनच्या बापाच्या घरी जाहा काढा."

आता जाहा म्हणजे गावातली वजनदार मंडळी जमून एखाद्याच्या घरी शब्द टाकायला जातात ती. मुलगी मागायला जातात, खुनाचं भांडण मिटवायला जातात. यजमान कॉफी देतो. मंडळींचा म्होरक्या पेला न पिता समोर खाली ठेवतो, मागणी मान्य झाली की यजमान म्हणतो, "कॉफी प्या." न प्यायलेला पेला परत गेला तर त्या घराची सात पिढ्यांत बदनामी. खुनी माणसं सुटली आहेत या कॉफीवर. पण सरकारी यादीतून नाव काढायला जाहा आजवर कोणी काढली नव्हती.

म्हणजे ज्या माणसांपासून मी दहा दिवस तोंड लपवलं, त्यांनाच माझ्यासाठी शब्द टाकायला जमवायचं होतं. आत्यानं तासाभरात गल्लीला खरं काय ते सांगितलं. मी भिंतीआडून कान देऊन होतो. आधी कोणी तरी एकटंच हसलं, मग सगळी गल्ली हसायला लागली आणि बराच वेळ थांबेना. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे माझी कोंबडी त्यानं निरोगी पोटी खाल्ली?" पण दुपारच्या नमाजानंतर गल्लीतले बारा जण कोट घालून, मास्क लावून निघाले. त्यांच्या पुढे अबू सुलतान, कारण आवाज त्याचा.

मला घराबाहेर पाय टाकायची बंदी. पण मामूनच्या बापाचं अंगण बरोबर आमच्या गच्चीच्या खाली येतं. मी लग्नातला सूट घातला, टाय बांधला आणि गच्चीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसलो. कायदा मोडला नाही आणि जाहाही चुकवली नाही. सूटचं बटण मात्र लागेना, दोष कोंबडीचा.

खाली मंडळी हातहात अंतरावर बसली. साथीचे दिवस म्हणून कॉफी कागदी पेल्यांतून आली. इन्तिसारनं मला वर एक पेला आणून दिला. रीत म्हणून मीही तो न पिता कठड्यावर ठेवला. अबू सुलताननं आपला पेला जमिनीवर ठेवला आणि घसा खाकरला.

"अबू मामून! आम्ही तुझ्या दारी आलोय. तुझा मुलगा सरकारात मोठा हाकीम झाला, त्याची मान उंच राहो. आमचा अबू नायेल भोळा माणूस. बायकोला फिरवायला निघाला. गुन्हा आहे का?"

म्हातारा अबू मामून रीतीप्रमाणे "कॉफी प्या" म्हणायला तोंड उघडणार, तोच मामून मध्ये पडला. "काका, माझा नाइलाज आहे. यादी संगणकात आहे. संगणक कॉफी पीत नाही. खबर ज्यानं दिली त्यानं सही केली पाहिजे."

"कोण तो हरामखोर?" बेकरीवाला म्हणाला.

"सांगता येत नाही. तो माणूस आपण होऊन बोलला तरच."

अंगणातल्या बाराही पेल्यांतली कॉफी गार व्हायला लागली. मी वरून एकेकाचे डोळे पाहत होतो. तोंडं मास्कमध्ये असली की डोळे फार खोटं बोलू शकत नाहीत. आणि सगळ्या डोळ्यांत दोन डोळे असे होते, जे जमिनीवरच्या पेल्यावरून हलत नव्हते.

"मी," अबू सुलतान म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो इतक्या हळू बोलला असेल.

"मोठ्यानं!" मागचा एक जण ओरडला.

"मी दिली खबर!" आता सगळ्या डोंगरानं ऐकलं. "बरळतोय म्हणून कळलं. सुटकेस बघितली. मला वाटलं, हा हट्टी मास्तर लाजेपायी घरात मरेल आणि मी समोरच्या घरात सिगारेट ओढत बसेन. दोन दिवस मला घास गेला नाही, विचारा हिला!" त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "अबू नायेल, मामूनचं राहू दे. माझा पेला आता तुझ्यापुढे आहे. तू माफ केल्याशिवाय मी पिणार नाही."

बारा माणसांच्या माना वर वळल्या. खरं सांगतो, मला राग यायला हवा होता, पण तो येईना. समोरच्या घरात एक माणूस माझ्यासाठी दोन दिवस उपाशी, आणि मी त्याच्याच घरची गुंडाळी खात त्याच्यापासून लपत होतो. तरी मास्तरकी जाईना. असा प्रसंग काही रोज येत नाही, तेव्हा दोन शब्द भारदस्त बोलावे म्हणून मी उठून टाय सारखा केला. "बंधूंनो," मी सुरुवात केली, "भूगोल आपल्याला शिकवतो की..."

"अहो!" मागून इन्तिसार दातांतल्या दातांत. "उद्या विमान आहे!"

"पी बाबा कॉफी!" मी म्हणालो.

"प्या, प्या!" अबू मामून म्हणाला. बारा मास्क खाली उतरले. मीही वर माझा पेला रिता केला. गारढोण होती, पण तशी कॉफी मी जन्मात प्यायलो नाही. मामून सहीचा कागद आणून अबू सुलतानपुढे धरत होता. मग वर बघून म्हणाला, "उस्ताद, काळ्या समुद्राला माझा सलाम सांगा. आता मला ठाऊक आहे तो कुठाय ते."

गुरुवारी सकाळी जे मी दहा दिवस चुकवत होतो ते झालंच. सगळी गल्ली निरोपाला आली. पण आत्याचा हुकूम होता. जो तो आपापल्या पायरीवर, गच्चीवर, खिडकीत. कोणी जवळ आलं नाही. अबू सुलताननं बाजा काढला होता, पण मामूननं सांगितलं, फुंकायचं काहीही नाही, तेव्हा त्यानं तो नुसता काखेत धरून मान हलवली. आत्या पुढे आली आणि काठी लांब धरून तिनं माझ्या उजव्या खांद्याला एकदा आणि डाव्याला तीनदा टेकवली. इन्तिसारलाही तसंच.

पिशव्या मात्र चुकल्या नाहीत. दोन मेव्हण्यांचे भाचे आणि एक सख्खी पुतणी, इस्तंबूलात नेमके किती सल्तवाले आहेत ते त्या दिवशी कळलं. पातेल्यांचा निकालही आत्यानंच लावला, येताना प्रत्येकात तुर्की मिठाई भरायची. इन्तिसारनं "बरं" म्हटलं, आणि मला वाटलं, संपलं. पाच दिवस मागणाऱ्यांच्या पिशव्या पोचवण्यात जाणार.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं माझं नाव टाइप केलं आणि पडद्याकडे बघत राहिली. त्याच क्षणी मला शिंक आली. आयुष्यात मी बरंच काही दाबलं आहे, पण ती शिंक दाबताना डोळ्यांपुढे तारे चमकले. मुलगी म्हणाली, "काका, रडू नका, सगळं ठीक आहे," आणि शिक्का मारला. शिंक मी पुढे पुरुषांच्या मुतारीत जाऊन दिली. एकामागून एक सात.

पहिल्याच दिवशी मी पिशव्या घेऊन एकटा हिंडलो आणि तिन्ही पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीत बसलो. इन्तिसारच्या डोक्याला लाल रुमाल होता. कमरेशी चिमटलेल्या काचेच्या पेल्यांत चहा आला. एका बाजूला युरोप, एका बाजूला आशिया. मी शिकवायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. तिला कोणी काही मागत नव्हतं. पाऊण तास ती पाण्याकडे बघत राहिली, खांदे खाली सोडून. तिचे खांदे इतके खाली येतात हे मला माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "सकाळपासून कोणी काही विचारलं नाही मला."

"मग? बरं वाटतंय ना?"

"फार." थोडं थांबून म्हणाली, "पण तुम्ही काही विचारलंत तर चालेल."

मी विचार करू लागलो. चौतीस वर्षं मी तिला जे विचारत आलो ते सगळं मोजे कुठायत, चष्मा कुठाय, पंचा कुठाय, या जातीचं. चष्मा नाकावर होता. शेवटी म्हणालो, "आणखी एक चहा घेशील?"

ती वळून माझ्याकडे बघू लागली. आमच्या घरात हा प्रश्न नेहमी तीच विचारत आली होती.

"घेईन की," ती म्हणाली.

मी उठलो, डुलत्या बोटीत कठडा धरत धरत चहावाल्यापर्यंत गेलो. त्यानं खुणेनं विचारलं, साखर किती? आणि मी तिथंच उभा राहिलो. बॉस्फोरसची लांबी मला पाठ आहे, सगळ्यात अरुंद जागी रुंदी किती तेही पाठ आहे. बायकोच्या चहात साखर किती, ते मला ठाऊक नव्हतं. मागे वळून मी भर बोटीत ओरडलो, "उम्म नायेल! साखर किती?"

"दोन!" ती तिकडून हसत ओरडली. "आणि पळत येऊ नका, सांडेल!"

मी दोन टाकल्या आणि सावकाश परत आलो. एक थेंबही सांडला नाही.